मुलीला ट्रक आवडतात, काही करता येईल का?

"मॅडम, हिला ट्रक आवडतात," एवढं बोलून आई गप्प झाल्या. आता पुढे काहीतरी गंभीर येणार म्हणून मी थांबले. पण तेवढंच होतं.

मुलगी बारा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ट्रक, डंपर, क्रेन, रोड रोलर, जे जे अवजड आणि आवाज करणारं ते ते तिला हवं. वहीच्या मागच्या पानांवर चाकांची चित्रं. मोबाइल हातात आला की खाणीतल्या डंपरचे व्हिडिओ. तीन-चार वर्षांची होती तेव्हा घरात याचं कौतुक होतं. आता नातेवाईक हसतात, "पोरीला ड्रायव्हर करणार का?" म्हणतात. आईंनी इंटरनेटवर बरंच वाचलं होतं, त्यामुळे हा ऑटिझम (स्वमग्नता) तर नसेल ना, ही धास्तीही होती. बाबा शेजारी बसले होते. तासाभरात ते एकच वाक्य बोलले, "दुसरं काही आवडलं असतं तर बरं झालं असतं."

ही काळजी घेऊन येणारे पालक मला नवे नाहीत. बहुतेकांची मुलं लहान असतात आणि तिथे उत्तर सोपं असतं. 2007 मध्ये मानसशास्त्रज्ञ जूडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात साधारण एक तृतीयांश लहान मुलांना कुठल्या ना कुठल्या विषयाचं असं जबरदस्त वेड असल्याचं दिसलं, आणि मुलग्यांमध्ये ते जास्त आढळलं. म्हणजे वेड ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. फक्त एका विषयाची ओढ आहे म्हणून ऑटिझम ठरत नाही. त्यासाठी मी बाकीचं बघते: समोरच्याचं ऐकून घेते का, त्याला कंटाळा आलाय हे कळतं का, मैत्रिणी आहेत का, आवडीत खंड पडला तर नुसती चिडते की पार कोलमडते, झोप आणि अभ्यास ठीक आहे का. हे सगळं विचारून झाल्यावर तपासणीला पाठवण्यासारखं काही मला दिसलं नाही. शंका आली असती तर पाठवलंच असतं.

मग मुलीशी एकटीशी बोलले. बोलकं करावं म्हणून एक चित्र पुढे ठेवलं आणि म्हटलं, "हा जेसीबी ना?"

"पोकलेन आहे," ती म्हणाली. आवाजात दया होती. "जेसीबीला चाकं असतात, पुढे एक बकेट आणि मागे खोदायचा हात. हे चेनवर चालतं आणि वरचा भाग सगळा गोल फिरतो." मग हेही सांगितलं की दोन्ही नावं मुळात कंपन्यांची. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची आद्याक्षरं, 1945 मध्ये त्याने कंपनी काढली, आणि पोक्लेन ही फ्रान्सची. आपण मात्र कुठल्याही कंपनीच्या यंत्राला तेच म्हणतो. जर्मनीत 13,500 टनांचं एक खोदयंत्र आहे, ते 2001 मध्ये एका खाणीतून दुसऱ्या खाणीत स्वतः चालत गेलं, 22 किलोमीटरला तीन आठवडे लागले, हे सांगताना तर ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"आणि ट्रक थांबला की फुस्स आवाज येतो ना, तो कशाचा माहितीये?"

मला वाटायचं, ब्रेक लागताना हवा आत भरत असेल. उलटं निघालं. तिने एका हाताची मूठ केली, ती स्प्रिंग. दुसरा पंजा त्यावर दाबून धरला, ती हवा. "गाडी चालू असताना हवा स्प्रिंगला दाबून ठेवते. ड्रायव्हरने पार्किंग ब्रेक लावला की हवा सोडून देतात, फुस्स, आणि स्प्रिंग ब्रेक दाबते." पंजा काढला, मूठ उसळली. "म्हणजे हवा गळून गेली तर ब्रेक निकामी होत नाही, उलट लागतो. भारी आहे ना?"

भारीच होतं. आणि इथेच मी चूक केली. "मग तुला मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचंय का?" असं विचारून बसले.

ती मिटली. "सगळे हेच विचारतात. मला बघायला आवडतं."

हे मला बराच वेळ टोचत राहिलं. आई आवड लपवू पाहत होत्या, मी तिला डिग्रीचा कोट चढवून चारचौघांत नेण्यालायक करत होते. फरक फारसा नाही. रात्री गच्चीवर तारे बघणाऱ्या मुलीला आपण जिज्ञासू म्हणतो, तिने खगोलशास्त्रज्ञ व्हायलाच हवं असा हट्ट धरत नाही. डंपर बघणारी मात्र खुळी. यंत्राला डिझेलचा वास येतो, ते चालवणाऱ्याचे हात काळे असतात, आणि त्या माणसाला आपण कमी लेखतो. तो कमीपणा मग यंत्रालाही चिकटतो.

आईंना मी सांगितलं की आवड मोडू नका, पण एक काळजी खरी आहे, ती करा. मुलगी यंत्राजवळ जाते. ट्रकच्या अगदी नाकासमोर, थेट मागे आणि ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला केबिनलगत उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. आपल्याला आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असं धरून चालायचं. पोकलेनचा मागचा वजनदार भाग वळताना बाजूला फिरतो, तिथे उभं राहिलेला माणूस सापडतो. काम चालू असेल तिथे कुंपणाच्या बाहेर, तेही मोठ्या माणसासोबत. मुलीला हे नियम म्हणून सांगावे लागले नाहीत. तिला ते आधीच ठाऊक होते, फक्त ते स्वतःलाही लागू आहेत हे मान्य करायला दोन दिवस गेले.

पुढच्या आठवड्यात बाबांनी एकट्यासाठी वेळ मागितली.

"माझे वडील ट्रक चालवायचे," त्यांनी दार लागल्या लागल्या सांगितलं. पंधरा-पंधरा दिवस घरी नसत. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की हे 'नोकरी' लिहीत. वर्गात कुणाला तरी कळलं आणि मग वर्षभर पोरं हॉर्नचा आवाज काढून हाक मारायची. मुलगी जन्मली तेव्हा आजोबा नव्हते, तिला एवढंच माहीत होतं की ते 'वाहतुकीच्या धंद्यात' होते. "मी शिकलो, त्यातून बाहेर पडलो. आणि आता माझ्या घरात भिंतीवर ट्रक." ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी समजूत घातली नाही. पंधरा दिवस बाप घरी नसणं हे दुःख खरंच आहे, त्याला छान म्हणायचं कारण नाही. फक्त विचारलं, मुलीला सांगायचंय का? ते म्हणाले, बघू.

तिसऱ्या भेटीला तिघं आले. बाबांनी बोलायला बराच वेळ घेतला आणि शेवटी दोन वाक्यांत उरकलं. मुलीने आजोबांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते गाडीबद्दल.

"किती चाकं होती?"

"सहा. पुढे दोन, मागे चार."

"एअर ब्रेक होता?"

"ते नाही माहीत, बाळा." बाबा थांबले. "पण आम्ही झोपलेलो असायचो, आणि रात्री कधीतरी बाहेर फुस्स आवाज यायचा. मग कळायचं, आले."

"मग होता," ती म्हणाली.