पणजीत तीन दिवस, कमी खर्चात

दोघं पहिल्यांदाच जाताय ना, मग तीन दिवसांत अख्खा गोवा बघायचा हट्ट सोडा. बहुतेकांचं बजेट टॅक्सीतच संपतं. पणजीतच राहा.

- रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जोडून सुट्टी असेल तर त्याच सकाळी तिकीट काढा. उतरायचं करमळीला.
- खोली फोंतेन्यास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वस्तीजवळ घ्या, म्हणजे चालत फिरता येईल. गल्ल्या सकाळी लवकर बघा; ती लोकांची राहती घरं आहेत, दारात फोटोसेशन नको.
- जुन्या गोव्याला बसनं जा आणि तिथून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवीवरची ही संध्याकाळ मला महागड्या क्रूझपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

जेवणात काटकसर नको, फिश थाळी खाच. आणि एक दुपार पूर्ण मोकळी ठेवा.