बारा देश नकोत, एक पुरे

प्रिय,

पत्र मिळालं. 22 फेब्रुवारीच्या वर्ल्ड थिंकिंग डेसाठी, म्हणजे जगभरच्या गाईड मुलींच्या दिवसासाठी, तू तुझ्या गटाकरता आखलेला बेत सावकाश वाचला. बारा देशांची बारा टेबलं, प्रत्येकावर झेंडा, कुणीतरी त्या देशाचा पोशाख घालून उभं, आणि टेबल पाहून झालं की मुलींच्या खोट्या पासपोर्टवर शिक्का. मेहनत दिसते गं. पण तुझ्या जागी मी असते तर अकरा टेबलं उचलून ठेवली असती.

सात-आठ वर्षांच्या मुलीला अशा टेबलावर जपान म्हणजे एक पंखा आणि एक झेंडा एवढंच दिसतं. दुपार संपते, कुणाचे शिक्के जास्त यावरून थोडी भांडाभांडी होते आणि विषय तिथेच मिटतो. उलट, तिकडच्या तिच्याच वयाच्या मुलींचाही पुढचा दात पडलाय, हे कळलं की ती कान टवकारते. पडलेल्या दाताचं तुम्ही काय करता, एवढा एकच प्रश्न पाठवून बघ. जपानमधली मुलगी सांगेल, खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा घराखाली टाकतात. स्पेनमधली सांगेल, आमच्याकडे तो उंदीर घेऊन जातो. मग तुझ्या मुली आपापलं सांगायला लागतील आणि त्यांना आवरणं कठीण जाईल. या वयाला असलेच प्रश्न हवेत. राजधानी आणि लोकसंख्या शाळेत होतेच.

म्हणून परदेशातला एकच गाईड गट शोध, आणि त्याच्याशी वर्षभर बोलत राहा. शोधताना समाजमाध्यमांवर 'पत्रमैत्रिणी हव्यात' अशी हाक मात्र देऊ नकोस. गाईडांच्या जागतिक संघटनेच्या सदस्य देशांमध्ये परदेशी गटांशी संपर्क ठेवणाऱ्या इंटरनॅशनल कमिशनर असतात. आपल्या कमिशनरमार्फत तिकडच्या कमिशनरकडे विचारणा जाऊ दे. वेळ लागतो, पण समोरचा गट खरा आहे आणि तो चालवणारी ताई कोण आहे, याची खात्री होते. पत्रांत मुलींची फक्त पहिली नावं. पत्ता गटाचा, घराचा कधीच नाही. फोटो पाठवायचा तर आईवडिलांची लेखी परवानगी आधी. आलेलं आणि जाणारं प्रत्येक पत्र तू वाचायचंस, आणि हे मुलींना उघड सांगायचंस. यात मी कुणाचंही ऐकून सूट देत नाही, तूही देऊ नकोस.

फेब्रुवारीत काही घडायला हवं असेल तर ऑक्टोबरातच सुरुवात कर. टपाल रेंगाळतं, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा गट भरतच नाहीत. व्हिडिओ कॉल ठरवतानाही आधी घड्याळ बघ. फेब्रुवारीत लंडनला सकाळचे दहा वाजतात तेव्हा टोकियोत संध्याकाळचे सात झालेले असतात. ही जोडी जमते. न्यूझीलंडला मात्र तेव्हा रात्रीचे अकरा. तिथे कॉलचा हट्ट सोड आणि दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ रेकॉर्ड करून एकमेकींना पाठवा.

कॉल झालाच तर एकत्र गाणं ठेवू नकोस. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, दोन्हीकडच्या मुली एकमेकींच्या मागे धावतात आणि गाण्याचा पार चुथडा होतो. एका बाजूने गावं, दुसरीने हातवारे करावेत. सुरुवात बॅजपासून कर. गणवेश कुठलाही असो, जागतिक बॅजवरची तीन पानं सगळीकडे तीच. समोरच्या मुलीच्या छातीवर ती शोधायला सांग, भाषा येत नसली तरी पहिली पाच मिनिटं निघून जातात. पुढे चित्रं दाखवा, नकलांचा खेळ खेळा. वीस मिनिटांत बंद कर, मुली अजून थोडा वेळ म्हणून मागे लागल्या तरी.

लाजाळू मुलींसाठी माझा आवडता मार्ग रेडिओचा. ऑक्टोबरात जांबोरी ऑन द एअर असते, म्हणजे जगभरच्या मुलामुलींचा रेडिओवरचा मेळावा. चालवते स्काउट चळवळ, पण गाईड गटही भाग घेतात. परवानाधारक हॅम ऑपरेटर, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा, शेजारी लागतोच, त्याला आधी गाठ. मुलीला आपलं नाव रेडिओच्या अक्षरांत शिकव. मीरा (Mira) असेल तर माइक, इंडिया, रोमिओ, अल्फा. कॅमेरा नाही, कुणी बघत नाही, नुसता खरखरणारा आवाज. आणि त्या खरखरीतून कुणीतरी परक्या सुरात 'हॅलो मीरा' म्हणतं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी मग माइक सोडायला तयार नसते.

थिंकिंग डेला मुली जी वर्गणी देतात, त्या निधीबद्दल विचारलंयस. थिंकिंग डे ठरला 1926 साली, अमेरिकेतल्या परिषदेत. पुढे 1932 मध्ये पोलंडच्या परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचवलं, की स्काउट-गाईड चळवळीच्या बेडन-पॉवेल पतिपत्नींचा वाढदिवस याच दिवशी, तर वाढदिवसाला भेट हवीच. तिथून वर्गणी सुरू झाली. 'गरीब देशांतल्या मुलींना मदत' असं मुलींना सांगू नकोस. ज्यांच्याशी काल दातांच्या गप्पा मारल्या, त्यांच्याकडे आज वरून बघायला शिकवल्यासारखं होतं ते. सगळ्या देशांच्या मुली सामाईक पेटीत टाकतात, आपणही टाकतो, इतकं पुरे. रक्कम मुलींच्या स्वतःच्या खाऊच्या पैशांतली असावी. आईवडिलांकडून चेक आणला की त्यांना त्याचं काही वाटत नाही.

मोठ्या मुली 'आम्ही कधी जाणार?' विचारतीलच. त्यांना गाईडांची जागतिक केंद्रं दाखव: स्वित्झर्लंडमधलं आवर शॅले, मेक्सिकोतलं आवर कबान्या, पुण्यातलं संगम, लंडनचं पॅक्स लॉज, आणि आफ्रिकेतलं कुसाफिरी. धाकट्यांना इतक्यात त्याचं काही नाही.

समोरून उत्तर आलंच नाही तर? होतं तसंही. ताई बदलते, गट बंद पडतो. मुलींना हे आधीच सांगून ठेव, आणि दोन महिने वाट पाहून कमिशनरना पुन्हा लिही.

ते एकमेव टेबल कुठल्या देशाचं, हे उत्तर आल्यावर ठरव. तोवर मुलींना प्रश्न लिहायला बसव आणि त्यांचा कागद मला पाठव. तू शुद्धलेखन सुधारून पाठवलेला नको, त्यांनी लिहिलेला.

तुझी,
ताई