‘मित्र फलन’ की ‘फ्रेंड फंक्शन’?

दापोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवताना ‘फ्रेंड फंक्शन’ला ‘मित्र फलन’ म्हणावे का, आणि मैत्री दोन्ही बाजूंची असते तर इथली मैत्री एकतर्फी कशी. प्रश्नाचा दुसरा भाग समजला, की पहिल्याचे उत्तर देणे सोपे जाते.

क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शने एकत्र बांधणारा साचा; त्यातले घटक म्हणजे मेंबर, आणि त्या साच्यातून घडवलेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. क्लासमधले प्रायव्हेट, म्हणजे खासगी, मेंबर त्या क्लासच्या स्वतःच्या फंक्शनांनाच वापरता येतात. मात्र क्लासने आपल्या व्याख्येत ‘फ्रेंड’ हा शब्द लिहून बाहेरच्या एखाद्या फंक्शनचे नाव घेतले, तर त्यालाही प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड (एरवी क्लास आणि त्याचे वारस क्लास यांच्यापुरते राखलेले) मेंबर खुले होतात. असे फंक्शन क्लासचा मेंबर होत नाही. त्याला ‘धिस’ पॉइंटर, म्हणजे चालू ऑब्जेक्टचा पत्ता, मिळत नाही, म्हणून ज्या ऑब्जेक्टवर काम करायचे तो सहसा आर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागतो. एखादा संपूर्ण क्लास फ्रेंड केला, तर त्याच्या सर्वच मेंबर फंक्शनांना हा अधिकार मिळतो. फ्रेंड क्लासची सोय तर या भाषेचे निर्माते ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू केलेल्या ‘सी विथ क्लासेस’ या पूर्वरूपातच आली होती. सी प्लस प्लस हे नाव १९८३ मधले.

आपल्याकडे मुंबईला राहणारा चाकरमानी गावच्या बंद घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो, तसाच हा व्यवहार आहे. किल्ली घरमालकानेच द्यायची असते, शेजाऱ्याने परस्पर करून घ्यायची नसते. आणि ती दिली म्हणून शेजाऱ्याच्या घराची किल्ली चाकरमान्याला मिळत नाही. शेजाऱ्याच्या स्नेह्याला किंवा मुलाला ते घर आपोआप उघडता येत नाही, आणि चाकरमान्याच्या मुलाने पुढे वेगळे घर बांधले, तर त्यावर शेजाऱ्याचा काही हक्क चालत नाही. फ्रेंडचे सर्व नियम यात येतात: मैत्री परतफेडीने मिळत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे सरकत नाही आणि वारशानेही येत नाही.

या सोयीमुळे एन्कॅप्सुलेशन, म्हणजे क्लासचा आतला तपशील बाहेरच्यांपासून झाकून ठेवण्याची शिस्त, मोडते, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. मला तो पटत नाही. मॅट्रिक्स आणि व्हेक्टर यांचा गुणाकार करणाऱ्या फंक्शनला दोघांच्याही आतल्या संख्या लागतात, पण ते मेंबर होऊ शकते एकाच क्लासचे. छपाईच्या << या ऑपरेटरच्या डाव्या बाजूला ओस्ट्रीम या भाषेसोबत तयार मिळणाऱ्या छपाईच्या क्लासचा ऑब्जेक्ट असल्याने ते फंक्शन आपल्या क्लासचा मेंबर करताच येत नाही. अशा वेळी सर्वांसाठी पब्लिक फंक्शने उघडून ठेवण्यापेक्षा एकालाच नाव घेऊन प्रवेश देणे अधिक काटेकोर आहे, कारण कोणाला अधिकार दिला हे क्लासच्या व्याख्येतच वाचता येते.

आता शब्दाकडे वळू. ‘फलन’ हा गणितातला शब्द आहे आणि तिथे फलनाला मूल्य असतेच. प्रोग्रामिंगमधले फंक्शन काहीही न परतवता नुसते छापून थांबू शकते, म्हणून ‘फंक्शन’च ठेवावे. ‘मित्र’ चुकीचा नाही, पण परस्परतेची जी अपेक्षा तो शब्द निर्माण करतो, तिच्यामुळेच हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. ‘मुभा’ या शब्दात देणारा आणि घेणारा वेगळे राहतात. कोडमध्ये ‘फ्रेंड’ लिहावेच लागते, तेव्हा संज्ञा ‘फ्रेंड फंक्शन’ अशीच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे क्लासने मुभा दिलेले बाहेरचे फंक्शन’ अशी जोड द्यावी, आणि ‘फ्रेंड क्लास’चेही तसेच करावे.