सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपची चार्जिंग पिन हलवून धरावी लागते, यूएसबी पोर्टही सैल झाले आहेत. दुरुस्त होतील की नवा घ्यावा?

दुरुस्त होतील, आणि बहुतेक वेळा फार खर्च न येता. पण आधी एक कळकळीची विनंती. पिन ठरावीक कोनात धरून, खाली वही सरकवून चार्जिंग करणं आजच थांबवा. सैल जोडणीत बारीक ठिणग्या पडतात, ती जागा तापते. जॅकभोवतीचं, म्हणजे पिन जाते त्या भोकाभोवतीचं, प्लास्टिक वितळलं किंवा आतल्या सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पॅड (जॅकचे पाय जोडायची चकती) उखडला की साध्या कामाचं अवघड काम होऊन बसतं.

माझ्या लॅपटॉपला सातव्या वर्षी हेच झालं होतं. एका दुकानात दाखवला, तर न उघडताच ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ असं सांगितलं. मन मानेना. घरी खालचं झाकण उघडून पाहिलं, तर चार्जिंगचा जॅक बोर्डावर नव्हताच! तो चार-पाच इंच वायरीच्या टोकाला होता आणि वायरीचं दुसरं टोक बोर्डातल्या कनेक्टरमध्ये नुसतं खोचलेलं. पुण्यात तपकीर गल्लीत मॉडेल नंबर आणि फोटो दाखवल्यावर तसाच जॅक मिळाला. एक स्क्रू, एक कनेक्टर, अर्धा तास. सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून जोडणं, करावंच लागलं नाही. तो लॅपटॉप आज माझी भाची कॉलेजच्या कामाला वापरते.

म्हणून पैसे मोजण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. पिनेजवळ वायर आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पिन स्थिर धरून फक्त वायर वाकवून बघा, किंवा कुणाचा तरी तशाच पिनेचा, तेवढ्याच व्होल्टेजचा आणि निदान तेवढ्याच वॅटचा अडॅप्टर लावून बघा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच गोल पिनांच्या मधोमध सुईसारखी एक काडी असते. अडॅप्टर कोणता आहे हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. डेलमध्ये ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही मंदावतो. अशा वेळी जॅक किंवा बॅटरी बदलून काही उपयोग होत नाही.

अडॅप्टर ठीक निघाला तर तुमच्या मॉडेलचा चार्जिंगचा जॅक (‘डीसी जॅक’ या नावाने) इंटरनेटवर शोधा. चित्रात जॅकला वायर दिसली, तर माझ्यासारखं घरी जमेल. तो थेट बोर्डावर असेल, तर बहुधा ड्राय सोल्डर झालेलं असतं, म्हणजे वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी पायांचं सोल्डर तडकलेलं. हे काम साध्या 25 वॅटच्या सोल्डरिंग गनने घरी करू नका. बोर्डातला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो, शिसंविरहित सोल्डर वितळायला साधारण 217 अंश सेल्सिअस लागतात, आणि गन फार वेळ टेकवली की पॅडच सुटून येतो. चार्जिंग टाइप-सी पोर्टमधून (छोटं, लांबटगोल भोक) होत असेल, तर त्याला इवलेसे 24 संपर्क असतात. चिप-लेव्हल काम करणाऱ्या, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्या, कारागिराकडे जा, फक्त जॅक बदलायला सांगा आणि जुना जॅक परत मागा.

आता यूएसबी. लॅपटॉप बंद करून, बॅटरीचा कनेक्टर काढून, टॉर्चच्या उजेडात आत बघा. टाइप-सीमध्ये बहुतेकदा दाबून बसलेली धूळ आणि कापसाचे धागे निघतात. ते लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, धातूची सुई नको. जुन्या चौकोनी पोर्टमधून पेन ड्राइव्ह घसरत असेल पण चालत असेल, तर पत्र्याच्या कवचातल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या मऊ पडल्या आहेत. त्यांचं काम मुख्यतः पकडीचं असतं, डेटा त्यांच्यातून जात नाही. त्या अगदी किंचित आत दाबल्या तरी पकड येते. मात्र आतली प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर त्या पोर्टमध्ये काहीही घालू नका. वाकलेला संपर्क पाच व्होल्टची लाइन शॉर्ट करू शकतो.

एकाच बाजूचे सगळे पोर्ट एकदम गेले असतील तर आनंदाची गोष्ट समजा. पुष्कळ मॉडेलमध्ये त्या बाजूला वेगळा छोटा बोर्ड असतो, तो पट्टीसारख्या केबलने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. कधी केबल नीट बसवली तरी भागतं, नाहीतर तेवढा बोर्ड बदलता येतो.

जो पोर्ट अजून घट्ट आहे, त्यात वीतभर लांबीची एक्स्टेन्शन केबल कायमची लावून ठेवा आणि रोजचं घालणं-काढणं तिच्या टोकाला करा. चौकोनी यूएसबीचं मानक किमान 1,500 वेळा घालण्या-काढण्याचं आहे. रोज दोनदा धरलं तरी दोन वर्षांत तेवढं होतं. केबल झिजली तर ती बदलता येते.