ओमांचा डबा

लाडक्या मनू,

काल शाळेतून येताना तू विचारलंस, "आई, समोरच्या डच आजींचा, ओमांचा, डबा आपण धुऊन परत का देत नाही? तो काही आपला नाहीये!" समोरून वारा, वर पाऊस आणि मी सायकलवर, म्हणून "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं आणि विसरले. आता तू झोपली आहेस, तर लिहूनच ठेवते.

आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. माझी आई शेजारच्या काकूंची वाटी परत पाठवताना, घरात दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायचीच. मीच न्यायचे ना ती, जिन्यात अर्धी साखर माझ्या तोंडात.

ओमांच्या लक्षात हे कसं येणार? ५ डिसेंबरच्या संध्याकाळी त्या पेपरनोटन, म्हणजे सिंटरक्लासच्या सणाची ती छोटी मसालेदार बिस्किटं, घेऊन आल्या, वर छान कागद, रिबीन. मी "थँक यू" म्हणून डबा ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. त्या मात्र बघतच राहिल्या! इथे नेदरलँड्समध्ये भेट देणाऱ्यासमोरच उघडतात, आणि आपल्यात पाहुण्यांसमोर उघडणं म्हणजे हावरटपणा. बाबांनी घाईघाईने कागद फाडला म्हणून बरं.

सिंटरक्लासची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे देणारा लपतो. तू बुटात घोड्यासाठी गाजर ठेवलंस, सकाळी चॉकलेटचा 'एम' मिळाला, आणि नाव सिंटचं, त्या घोड्यावरून भेटी आणणाऱ्या संताचं. मोठी माणसं तर एकमेकांना चिडवणाऱ्या कविता लिहून त्यावरही सिंटचीच सही ठोकतात. (आपल्या उखाण्याचा लांबचा भाऊच म्हण.) आपल्याकडे देणारा समोर हवा. भाऊबीजेला मामा पाटावर बसतो, मी ओवाळते, मग ताटात ओवाळणी पडते. गेली तीन वर्षं मामा ती फोनवरून पाठवतो आणि मी स्क्रीनला ओवाळते. त्यात मजा नाही, पण चुकवतही नाही.

आणि एक कबूल करते. माझ्या आजीकडे आहेराची वही होती. कोणी कोणत्या लग्नात काय दिलं, भांडं की साडी, सगळं टिपलेलं. त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढ्याच तोलाचं काहीतरी द्यायचं. मला त्या वहीचा राग यायचा. अजूनही येतो. साखरेच्या वाटीचा असा हिशेब कुणी ठेवत नव्हतं, म्हणून ती आठवते.

तर डबा थांबलाय तो १४ जानेवारीसाठी. संक्रांतीला तिळाच्या वड्या भरून तूच न्यायचास. वड्या कडक झाल्या तर ओमांच्या दातांचं काय, ही माझी काळजी. तू फक्त त्या डबा उघडेपर्यंत दारातून हलू नकोस.

तुझी,
आई