‘इंडियाना जोन्स’चा चौथा भाग (2008) खरंच एवढ्या शिव्या खाण्याच्या लायकीचा आहे का?

तुमचे पहिले तीन भाग पाहून झालेत, मित्र म्हणतात ‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’च्या वाटेला जाऊ नकोस, थेट पाचवा बघ, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की चाहते म्हणतात तेवढा तो टाकाऊ आहे का.

नाही. खोट काढण्यासारखं त्यात बरंच आहे. पण ज्या प्रसंगावरून त्याला इतकी वर्षं झोडपतात, तो त्यातला वाईट प्रसंग नव्हेच. आणि झोडपणाऱ्यांतल्या एकाने, माझ्या आतेभावाने, तरी पिक्चर पुरता पाहिलेला नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण त्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

माझे वडील, आप्पा, कराडला एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. इंग्रजी पिक्चर आमच्याकडे रविवारी सकाळच्या खेळाला लागायचे, तेही पुण्या-मुंबईत चालून चालून प्रिंट पार घासली की. ‘लास्ट क्रुसेड’ 1989चा. आमच्याकडे पोचला तोवर मी बारा वर्षांचा झालो होतो. पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत होता. दोन ठिकाणी फिल्म तुटलेली होती, ती आप्पांनी आदल्या रात्री ब्लेडने खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडली होती. मी तो केबिनमध्ये उभा राहून पाहिला, भिंतीतल्या वहीएवढ्या झरोक्यातून. आत दोन मशीन, कार्बनच्या कांड्यांचा जळका वास, आणि एवढी घरघर की पडद्यावरचं बोलणं ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे काही अडलं नाही.

रणगाडा कड्याच्या दिशेने निघाला तसं आप्पांनी माझं डोकं धरून जरा वर केलं. ‘उजव्या कोपऱ्यात बघ.’ एक गोल ठिपका आला नि गेला. आप्पांनी दुसरं मशीन सुरू केलं. सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका, आणि त्यांनी हात मारला. रीळ बदललं हे खाली बसलेल्या कुणालाही कळलं नाही. इंडी, म्हणजे पिक्चरचा नायक इंडियाना जोन्स, रणगाड्यासकट खाली गेला असं सगळ्यांना वाटलं आणि टॉकीजमधल्या शिट्ट्या एकदम बंद पडल्या. आप्पा झरोक्यातून पडद्याकडे बघत नव्हते, खालच्या डोक्यांकडे बघत होते. ते नेहमीच तसं बघायचे.

आता आतेभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पुण्यात वाढलेला, घरी व्हीसीआर. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ आणि ‘टेम्पल ऑफ डूम’ मी त्याच्याकडे सुट्टीत कॅसेटवर पाहिले. कुठल्या प्रसंगात कसली युक्ती आहे, चाबूक कसा उडवतात, हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं. या पिक्चरांचं वेड मला आप्पांनी आणि त्याने मिळून लावलं. ते मी आजही नाकारत नाही.

2008च्या मे महिन्यात चौथा भाग आला, तिसऱ्यानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी. तोवर आमची टॉकीज बंद पडून पाच वर्षं झाली होती. आप्पा त्रेसष्ट वर्षांचे, गुडघे गेलेले, माझ्याकडे पुण्याला राहायला आलेले. आम्ही तिघं मल्टिप्लेक्सला गेलो. खुर्चीत बसल्यावर आप्पा मान मागे वळवून वरच्या केबिनच्या काचेकडेच बघत राहिले, दिवे जाईपर्यंत.

पिक्चर 1957 सालात घडतो. सुरुवातीला गाडीच्या डिकीतून एका माणसाला ओढून मातीत फेकतात, शेजारी टोपी पडलेली. तो टोपी उचलतो आणि आपल्याला आधी दिसते ती टोपी डोक्यावर चढवणारी सावली. थोड्या वेळाने चाबकाच्या झोक्याने तो पुढच्या गाडीवर उतरायला जातो आणि झोका पुरत नाही. उलटा मागे येतो आणि भलत्याच गाडीवर आदळतो. आप्पांनी मांडीवर थाप मारली. इंडी करणारा हॅरिसन फोर्ड तेव्हा पासष्टचा होता, आप्पांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा.

मग तो फ्रीज. नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचणीसाठी उभारलेल्या खोट्या गावात इंडी सापडतो. घराघरांत माणसांच्या जागी पुतळे, भोंगा वाजायला लागतो, तो शिशाचं अस्तर असलेल्या फ्रीजमध्ये घुसतो. स्फोटाने फ्रीज आकाशात भिरकावला जातो, लांब कुठेतरी आपटतो, आणि हा दार ढकलून बाहेर येतो. हॉलमध्ये हशा पिकला. आतेभाऊ मोठ्याने म्हणाला, ‘काय फालतूपणा लावलाय राव!’ मध्यंतराला तो पॉपकॉर्न आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. पिक्चर सुटल्यावर खाली कॉफी पीत बसलेला सापडला.

या फ्रीजवरून इंग्रजीत ‘न्यूक द फ्रिज’ असा वाक्प्रचारच पडला. एखादी मालिका हाताबाहेर गेली की लोक तो वापरतात. ती कल्पना माझीच, असं सांगून दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गने दोष स्वतःवर घेतला. घेऊ दे. पण ‘टेम्पल ऑफ डूम’मध्ये हाच माणूस दोघांना घेऊन विमानातून रबरी होडीत बसून उडी मारतो. होडी बर्फावर आपटते, घसरत जाते, कड्यावरून नदीत पडते आणि तिघांपैकी एकालाही खरचटत नाही. तो प्रसंग आतेभावाने कॅसेट मागे नेऊन नेऊन मला तीनदा दाखवला होता. ‘लास्ट क्रुसेड’मध्ये गुहेत सातशे वर्षांचा सरदार जिवंत बसलाय, त्याला कुणी हसत नाही. फ्रीजच्या प्रसंगाचा शेवट तर मला संपूर्ण मालिकेतल्या सुरेख चित्रांपैकी एक वाटतो. समोर अणुस्फोटाचा ढग चढत जातोय आणि त्याच्यापुढे टोपीवाला एवढासा माणूस उभा. चाबूक घेऊन निघालेला माणूस अशा काळात येऊन पडलाय जिथे चाबकाचं काही चालत नाही. एवढं स्वच्छ दाखवलेलं असताना लोकांना फ्रीजच दिसतो.

परग्रहवासी कुठून आणले, ही दुसरी तक्रार. पहिले तिन्ही भाग 1930च्या दशकातल्या साहसी मालिकापटांच्या धर्तीवर होते. कथा पन्नाशीच्या दशकात नेल्यावर त्या काळच्या स्वस्तातल्या पिक्चरांत जे असायचं ते आणायचं, म्हणजे उडत्या तबकड्या आणि कम्युनिस्ट हेर, असा कथा रचणाऱ्या जॉर्ज लुकासचा आग्रह होता. तो पटला नाही तर जरूर भांडा, पण त्यामागे विचार होता.

खरी खोट जंगलात आहे, आणि ती दाखवली आप्पांनी. गाड्यांचा पाठलाग चालू होता, दोन गाड्यांवर पाय ठेवून तलवारबाजी. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘माणसांवरचा उजेड निराळा आणि मागच्या झाडीवरचा निराळा. झाडी मागाहून चिकटवलीय.’ दोन मिनिटांनी इंडीचा मुलगा मट माकडांच्या टोळीबरोबर वेलींना लोंबकळत निघाला, तेव्हा आप्पांनी नुसता हात झटकला. आयुष्यभर दुसऱ्याने टाकलेला उजेड नीट पडतोय की नाही ते पाहण्यात गेलेल्या माणसाचं ते मत होतं. मला नंतर वाचल्यावर कळलं की पहिले तिन्ही भाग डग्लस स्लोकोम्ब यांनी चित्रित केले होते आणि चौथा यानुश कामिन्स्की यांनी. की सगळं शक्यतो जुन्या पद्धतीने, खऱ्या स्टंटवर करायचं असं आधी बोललं गेलं होतं आणि शेवटी संगणकावर बरंच काम झालं. आप्पांना त्यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी ते पडद्यावरून ओळखलं.

टीका करायची तर इथे करा. कॅरन अ‍ॅलन पहिल्या भागानंतर सत्तावीस वर्षांनी मरियन, म्हणजे इंडीची प्रेयसी, म्हणून परत आली आणि तिला हसत गाडी चालवण्यापलीकडे फारसं काही दिलं नाही, यावर करा. रे विन्स्टनचं पात्र इतक्यांदा बाजू बदलतं की शेवटी ते मेलं काय नि जगलं काय, काही वाटत नाही, यावर करा.

शेवटी चर्चमध्ये लग्न लागतं. वाऱ्याने दार उघडतं, टोपी उडून मटच्या पायाशी येते, तो ती डोक्यावर ठेवणार एवढ्यात इंडी जाता जाता त्याच्या हातातून काढून घेतो. आप्पा म्हणाले, ‘टोपी नाही दिली बघ त्याने.’ दिवे लागले तरी ते उठले नाहीत. याच पिक्चरमध्ये कॉलेजचा डीन इंडीला म्हणतो, की आयुष्य आपल्याला देणं थांबवून काढून घ्यायला लागतं अशा वयाला आपण पोचलोय. ते वाक्य मी घरी जाऊन आप्पांना मराठीत सांगणार होतो.

राहून गेलं. कारण गाडीत आप्पा म्हणाले, ‘मला आवडला’, आणि आतेभाऊ पुढच्या सीटवरून म्हणाला, ‘मामा, तुम्हाला काय कळतंय यातलं?’ आप्पा काही बोलले नाहीत. स्वारगेट आलं, घर आलं, त्यांनी जेवतानाही विषय काढला नाही. 2016 साली आप्पा गेले. आतेभाऊ अजून लग्नाकार्यात चारचौघांत हा किस्सा सांगतो, की आमच्या मामांना तो फ्रीजवाला पिक्चर आवडला होता. त्याने निम्मा पिक्चर पाहिलेला नाही, जंगल पाहिलेलं नाही, टोपी पाहिलेली नाही.

त्याचा सगळ्यात लाडका भाग अजूनही ‘टेम्पल ऑफ डूम’. त्यात आपली भारतीय माणसं राजवाड्यात सापाच्या पोटातून निघालेली जिवंत पिल्लं, डोळ्यांचं सूप आणि माकडाचा थंडगार मेंदू खातात. कालीमातेचं नाव घेत जिवंत माणसाचं काळीज उपटतात. आपल्या सरकारने पटकथेत बदल मागितले, निर्मात्यांनी ते केले नाहीत, म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ झालं. त्यामुळे भारतातल्या गावातले गावकरी सिंहली बोलतात. नंतर आपल्याकडे त्यावर काही काळ बंदीही होती. अमरीश पुरींचा मोलाराम जबरदस्तच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आपल्यासारख्यांनी कुठल्या भागावर चिडायला हवं होतं? मी स्वतः बाराव्या वर्षी त्या मेजवानीला टाळ्या पिटल्या आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. आतेभावाला हे सांगितलं तर तो म्हणतो, तेवढं मनावर घ्यायचं नसतं, पिक्चर आहे तो. मग फ्रीज का एवढा मनावर घेतला?

हेही सांगायला हवं की चौथा भाग पडला नव्हता. साडेअठरा कोटी डॉलर खर्चावर जगभरात 78 कोटींच्या वर कमाई झाली, आणि बऱ्याच समीक्षकांना तो ठीकठाक वाटला होता. चाहत्यांचा राग वेगळा होता. शाया लबफने, म्हणजे ज्याने मट केला त्यानेच, दोन वर्षांनी आपण माती खाल्ली अशा अर्थाचं जाहीर बोलून तो राग आणखी पक्का केला. आणि तुमचे मित्र सरसकट चूक आहेत असंही नाही. माकडांचा प्रसंग आला की मी अजूनही रिमोट शोधतो. तिकीट काढून गेलेल्याला चिडायचा हक्क आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त पुरता बघून चिडावं, आणि ज्याला आवडलाय त्याला अडाणी ठरवू नये.

तेव्हा पाचव्याच्या आधी चौथा बघाच. यातलं लग्न आणि यात सापडलेला मुलगा, यांच्यावरच पाचव्यातलं दुःख उभं आहे. ते माहीत नसेल तर तिथला म्हातारा इंडी एवढा एकटा का, ते कळणार नाही. मित्रांबरोबर बघू नका, फ्रीज आला की ते बोलायला लागतील. घरात साठी उलटलेलं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा, आणि चर्चचं दार उघडेपर्यंत उठू नका.