एवढ्याशा कागदाचे साडेचारशे? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी वाईची. मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेते आणि गेलं दीड वर्ष लिनोकट करतेय (लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून छापलेलं चित्र). प्रेस नाहीये, घरीच लाकडी चमच्याने घासून छापते. आत्ता कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपतीचं देऊळ असं दोन रंगात केलंय, रिडक्शन पद्धतीने, २५ ची एडिशन, म्हणजे एवढ्याच प्रती. इन्स्टावर साडेचारशेला टाकलं, कुरियर फ्री. नऊ गेले. लोक छान छान म्हणतात पण हातात काही राहत नाही. मामी म्हणाली "एवढ्याशा कागदाचे साडेचारशे?" आणि कॉलेजची मैत्रीण म्हणते हजाराच्या खाली विकूच नकोस. कागद मला ७० रुपयाला एक पडतो. नक्की किती लावू?

उत्तर : तू कागदाचा भाव लिहिलास आणि तासांबद्दल एक अक्षर नाही, गोम तिथेच आहे. म्हणून मी तुला उलट मेसेज करून तास विचारले, तू दोन दिवसांनी पाठवलेस, आणि खाली "एवढे झाले??" म्हणून डोक्याला हात लावलेला इमोजी. तर तेच आकडे इथे मांडते, कारण अशी पत्रं मला महिन्याला तीन-चार तरी येतात, बाकीच्यांनाही कळू दे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रिडक्शन म्हणजे एकाच लिनोवर सगळे रंग. पहिल्यांदा थोडं कोरायचं, फिका रंग सगळ्या कागदांवर छापून घ्यायचा, मग तोच तुकडा आणखी कोरायचा आणि त्यावर गडद रंग. एकदा कोरलं की मागे जाता येत नाही, दुसऱ्या रंगाला कागद जरा सरकला की ती प्रत गेली, आणि तिच्या जागी नवीन छापायची सोयच नाही कारण पहिल्या रंगाचा ब्लॉक आता जगात उरलेलाच नाही. म्हणून याला सुसाइड प्रिंट असंही म्हणतात. हिने २५ साठी सुरुवातीलाच ३२ कागद घेतले होते, सात वाया गेले. म्हणजे कागद २५ चा नाही, ३२ चा हिशेबात धरायचा, २२४० रुपये. लिनो ४००, शाई ६००, चिंध्या-रॉकेल-ट्रेसिंग-टेप असं किरकोळ २६०. झाले ३५००. एका प्रतीला १४०. इथपर्यंत सगळेच करतात आणि "१४० चं ४५० ला विकते म्हणजे तिप्पट की" म्हणून खूश होतात.

आता तास. रेखाटन आणि लिनोवर उतरवणं ६, कोरणं १४, दोन्ही रंग छापणं, वाळत घालणं, पुसापुशी मिळून १२, नंबर घालणं, सही, निवडानिवड २, फोटो-रील-पोस्ट ४. एकूण ३८. चमच्याने घासून छापणाऱ्याला १२ तास कुठून आले हे विचारावं लागत नाही. ३२ कागद दोनदा म्हणजे ६४ वेळा तो चमचा गोल गोल फिरवायचा, कोपऱ्यात शाई उठली की नाही ते एक कोपरा उचलून हळूच बघायचं, पुन्हा ठेवायचा, पुन्हा घासायचं, चाळिसाव्या खेपेला मनगट बोलायला लागतं. (थंडीत लिनो कडक होतो तेव्हा कोरायच्या आधी थोडा वेळ उन्हात ठेव किंवा कपडा टाकून हलकी इस्त्री फिरव, १४ तासांचे १२ होतील. तुझ्या प्रश्नात नव्हतं पण सांगून टाकते.)

क्लासला तुला तासाचे २०० सुटतात असं तू मेसेजमध्ये लिहिलंयस, मग तोच दर धर, कारण लिनोवर बसलेला प्रत्येक तास तू क्लास न घेता बसतेस. ३८ गुणिले २०० म्हणजे ७६००. प्रतीला ३०४.

आणि आता ते जे कोणीच धरत नाही, विकायचा वेळ. कोणीतरी "पीपी" (प्राइस प्लीज) लिहितं, तू डीएम करतेस, मग "फ्रेम येते का", "दुसऱ्या रंगात आहे का", "वास्तुशांतीला द्यायचंय, शनिवारपर्यंत मिळेल का", मग तीन दिवस गप्प, मग अचानक जीपे करून स्क्रीनशॉट. मग बटर पेपर, पुठ्ठा कापणं, पॅकिंग, पत्ता लिहिणं, पोस्टात रांग. तू म्हणालीस एका प्रतीमागे सरासरी तास जातो, आणि माझाही तेवढाच जातो. आणखी २००. पॅकिंगचं सामान ४५. बेरीज कर, १४० अधिक ३०४ अधिक २०० अधिक ४५, होतात ६८९. पोस्टाचे वरचे ७० वेगळेच, जे तू स्वतःच्या खिशातून घालतेस.

उलटं बघ. साडेचारशेतून पोस्ट, पॅकिंग आणि सामान गेलं की १९५ उरतात, आणि एका प्रतीमागे तुझे अडीच तास गेलेत. तासाला पडले ७७ रुपये. हातात काही का राहत नाही ते हे.

पण ६८९ हाही विकायचा भाव नव्हे, कारण यात असं गृहीत धरलंय की पंचवीसच्या पंचवीस जाणार. जात नाहीत गं. माझ्या कपाटात अजून जुन्या एडिशन पडून आहेत. दोन वर्षात १८ गेल्या तर छान झालं असं धर आणि सामान-मजुरीचे ११,१०० रुपये त्या १८ वर वाट, ६१७ येतात, त्यात विकायचे २४५ मिळव, ८६२. ही तुझी जमीन. याच्या खाली उतरायचं नाही, दिवाळी सेल असला तरी. त्याच्यावर वाटेत दुमडलेली प्रत बदलून देणं, पेमेंट गेटवे वापरलास तर त्याचे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, लाइटबिल, कटरला नवीन पाती, आणि हो, नफा. मी असते तर १२०० लावले असते आणि पोस्टखर्च वेगळा. मैत्रिणीचं बरोबर आहे, फक्त का ते तिलाही माहीत नसणार.

मामींचं काय करायचं? मामींना चुकीचं म्हणू नकोस, आपल्याकडे "छापलेलं" म्हणजे स्वस्त हे डोक्यात बसलंय त्याला जुनं कारण आहे. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात देव्हाऱ्यावर लागल्या. तिथे छपाईसाठी दगडावर चित्र चढवायला केवढीतरी मेहनत होती, पण ती हजारो प्रतींवर वाटली जायची म्हणून एक प्रत सामान्य माणसाला परवडायची. नंतर कॅलेंडरं तर वाण्याकडून फुकटच यायला लागली. तुझी मेहनत २५ वर वाटली जाते एवढाच फरक आहे, आणि तो मामींना एकदा समोर बसवून चमचा हातात दिलास की दहा मिनिटात कळेल.

आता उरलेल्या १६ प्रतींचं. नऊ जणांनी ४५० दिलेत, त्याच चित्राला उद्या एकदम १२०० लावलेस तर ते विचित्र दिसेल. या एडिशनला ७०० कर (८६२ च्या खालीच आहे, पण सुरुवातच ४५० ने झालीय, एवढं एकदाच सोस), पोस्ट वेगळं, स्टोरीला एक ओळ टाक की अमुक तारखेपासून नवीन भाव, माफी-बिफी मागत बसू नकोस. पुढची एडिशन पहिल्या दिवसापासून १२०० ला काढ. आणि तिच्यातल्या पहिल्या आठ-दहा गेल्या की १५०० कर, प्रिंटमध्ये हे चालतं, शिल्लक कमी होईल तसा भाव चढतो आणि आधी घेतलेल्यांना बरंच वाटतं. भाव चढवता येतो, उतरवला की ज्यांनी आधी घेतलं ते मनातल्या मनात शिव्या घालतात. २५ म्हटलंस तर २५ च, शिवाय दोन-तीन आर्टिस्ट प्रूफ (नंबरात न धरलेल्या, कलाकाराच्या स्वतःच्या प्रती) स्वतःकडे, त्यावर ए/पी लिही.

एक राहिलं. ते ८० रुपयांचं पोस्टकार्ड-साइज लिनो जे तू सुटं विकतेस ते आजच बंद कर. त्यालाही तेवढेच डीएम, तेवढाच पुठ्ठा आणि तीच पोस्टाची रांग. पाचचा सेट कर, ५०० लाव, नाहीतर मोठ्या प्रिंटबरोबर एक फुकट टाक, त्याचं कौतुक तरी होईल.

प्रश्न : मी वॉटरकलर करतो, नोकरी आयटीत आहे, पुण्यात. मूळ चित्र स्कॅन करून चांगल्या आर्काइव्हल (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या) कागदावर इंकजेटने प्रिंट काढून घेतो आणि त्यावर १/५० असा नंबर घालून सही करतो. "हँडमेड आर्ट प्रिंट" म्हणून १५०० ला लिस्ट केलंय, पण एका ग्राहकाने कमेंटमध्ये वाद घातला की हे हँडमेड नाही. मूळ चित्र तर मी हातानेच काढलंय ना?

उत्तर : चित्र हँडमेड आहे, प्रिंट नाही. ग्राहक बरोबर आहे, कमेंट डिलीट केली असशील तर परत उत्तर दे त्याला.

हे माझं मत म्हणून नाही सांगत. कस्टम्सच्या आणि जीएसटीच्या यादीत मूळ प्रिंट्सना ९७०२ हा वेगळा नंबर आहे आणि त्याची व्याख्याच अशी की कलाकाराने पूर्ण हाताने तयार केलेल्या प्लेटवरून थेट काढलेली छाप, यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक पद्धत चालणार नाही. वाईच्या ताईंचं लिनो त्यात बसतं, तुझं बसत नाही. या ९७०२ वरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावर काय नाव लिहितोस ते नुसतं शोभेचं नाही, सीएला विचारून लिही.

जिक्ले प्रिंट (म्हणजे चांगल्या प्रतीची इंकजेट प्रिंट) किंवा सरळ "मूळ जलरंगाची डिजिटल प्रत" असं लिही, कागद कुठला, किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), शाई कुठली हे लिही, लोक घेतात, त्यात कमीपणा काही नाही. भाव तुझा वेगळ्या रीतीने निघेल, दुकानाने प्रिंटचे घेतलेले पैसे, पॅकिंग, आणि तोच विकायचा तास जो वर लिहिलाय, तो तुलाही चुकलेला नाही. पन्नासचा नंबर घालायचाच तर मग एक्कावन्नावी खरंच काढू नकोस, आणि पुढच्या वर्षी तेच चित्र "नवीन साइज" म्हणून परत १/५० करून आणू नकोस, तिथे लोक सगळ्यात जास्त चिडतात. १५०० मला जास्त वाटतात की कमी? साइजच लिहिली नाहीस, कसं सांगू.

प्रश्न : ताई, मी फोंड्याची. सायनोटाइप करते, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर नेच्याची, आंब्याची, घोटीवेलीची पानं ठेवून उन्हात निळे ठसे. पणजीतल्या एका दुकानाने ठेवून घेतलेत, ते ४० टक्के घेतात म्हणून तिथे १००० लावले. ऑनलाइन मी तेच ६०० ला देते कारण मला तेवढेच सुटतात. आता दुकानदार रागावलाय, म्हणतो सगळं परत घेऊन जा. त्याचं एवढं काय बिघडलं?

उत्तर : बिघडलंय. गिऱ्हाईक दुकानात बघतं, हात लावून खात्री करतं, फोटो काढतं आणि घरी जाऊन तुझ्याकडून ६०० ला मागवतं. दुकानाची भिंत, लाइट, भाडं, सगळं त्याचं आणि विक्री तुझी.

हाच गाढवपणा मी केलाय. मुंबईत एका छोट्या गॅलरीत माझे एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेले प्रिंट) लागले होते, ओपनिंगला एक बाई भिंतीवरच्या लेबलाजवळ मोबाइल धरून उभ्या होत्या, मोबाइलवर माझंच पेज, आणि मला विचारलं, "यातला खरा भाव कुठला?" शेजारी गॅलरीवाले उभे. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, घाम मात्र आठवतो.

आणि "मला तेवढेच सुटतात" हे तुझं गणितही खोटं आहे. दुकानातून ६०० येतात तेव्हा तू फक्त एकदा गठ्ठा नेऊन दिलेला असतो, बाकी बोलणं, दाखवणं, पिशवीत घालून देणं त्याने केलं. ऑनलाइन ६०० येतात तेव्हा ते सगळं तू केलंस, वर पुठ्ठा तुझा. दुकानाचे ४० टक्के म्हणजे त्या कामाची मजुरी आहे, ऑनलाइन विकताना ती मजुरी तुझी. म्हणजे दोन्हीकडे १०००. ऑनलाइनवाल्यांना काही द्यायचंच असेल तर पोस्ट फ्री कर किंवा सोबत पानाची माहिती लिहिलेली चिठ्ठी टाक, भाव हलवू नकोस. दुकानदाराला आजच फोन कर, लेबल आणि पेज एकसारखं केल्याचं सांग, बहुतेक तो निवळेल.

शिवाय तुझी प्रत्येक प्रत वेगळी. नेच्याचं तेच पान तसंच दुसऱ्यांदा पडणार नाही, वाऱ्याने टोक हललं की कडा धूसर, ढग आला की निळा फिका. तू एडिशन करत नाहीस म्हणजे तुझा खर्च २५ वर वाटलाच जात नाही, तेव्हा मोठ्या साइजला १००० सुद्धा कमीच वाटतात मला. आणि जून ते सप्टेंबर तुमच्याकडे ऊन म्हणजे लॉटरी, तर मे संपायच्या आत पावसाळ्याचा स्टॉक छापून, नीट धुऊन, पूर्ण वाळवून ठेव. ओलसर राहिलेला एक कागद गठ्ठ्यात गेला तर बुरशी सगळ्यांना धरते, ट्यूबमध्ये तर आणखीच, जुलैत सपाट पुठ्ठ्यातच पाठव आणि आत सिलिका जेलची पुडी टाक.